सॉफ्टवेअरची वर्गणी: पीएचडीला बसण्याआधी करायचा एक हिशेब

पीएचडीची तयारी करताना विषय कोणता घ्यायचा, गाईड कसे आहेत, फेलोशिप मिळेल का, यावर आपण महिनोन्‌महिने डोकं खपवतो. पण पुढची पाच-सहा वर्षं ज्या सॉफ्टवेअरमध्ये आपला डेटा राहणार, आलेख निघणार आणि थिसिस लिहिला जाणार, ते ठरवायला पाच मिनिटंही देत नाही. लॅबमधले सीनियर जे वापरतात, तेच आपणही उघडतो. एकदा हात बसला की मग बदलायचा कंटाळा येतो.

पूर्वी हे चालून जायचं. आता चालत नाही, कारण मधल्या काळात सॉफ्टवेअर विकण्याची पद्धतच बदलली. एकदा पैसे भरले की सीडी आपली, हा प्रकार जवळजवळ संपला. आता दर महिन्याला नाहीतर दर वर्षाला पैसे भरायचे आणि भरत असू तोवर वापरायचं. याला सबस्क्रिप्शन म्हणतात. ही पद्धत चांगली की वाईट, यावर हिरिरीने वाद होतात. पण संशोधकासाठी प्रश्न थोडा वेगळा आहे, आणि आज तोच नीट उलगडून बघूया.

वर्गणी म्हणायचं की भाडं?

सबस्क्रिप्शनला मराठीत आपण सरळ ‘वर्गणी’ म्हणतो. पण जरा थांबून विचार करा. घरी एखाद्या मासिकाची वर्गणी असते. ती संपली की नवे अंक यायचे बंद होतात. जुने अंक मात्र माळ्यावर तसेच राहतात. कोणी येऊन ते उचलून नेत नाही.

सॉफ्टवेअरच्या बहुतेक सबस्क्रिप्शनमध्ये असं होत नाही. मुदत संपली की नव्या सुविधा तर बंद होतातच, पण कालपर्यंत जे वापरत होता तेही बंद होतं. म्हणजे नाव वर्गणीचं आणि व्यवहार भाड्याचा. भाडं थांबलं की घर सोडायचं. फरक इतकाच, की इथे तुमचं सामान, म्हणजे तुमच्या फाइली, अशा कपाटात ठेवलेल्या असू शकतात ज्याची किल्ली घरमालकाकडे आहे.

दुसऱ्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुन्या पद्धतीतही आपण सॉफ्टवेअरचे मालक नव्हतोच. आपण विकत घ्यायचो तो वापरण्याचा परवाना, फक्त त्याला मुदत नव्हती. मुंबईतल्या पागडीच्या खोलीसारखं समजा. एकरकमी मोठी रक्कम दिली, पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, पण इमारत आपली नाही. तेव्हा तुलना ‘मालकी विरुद्ध भाडं’ अशी नसून ‘बिनमुदतीचा परवाना विरुद्ध मुदतीचा परवाना’ अशी आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

कंपन्या इकडे का वळल्या?

‘लोभ’ हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं आहे. खरं कारण समजायला रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाचा १९७२ सालचा टिकाऊ वस्तूंवरचा एक युक्तिवाद उपयोगी पडतो. तो असा: समजा एखादी वस्तू झिजतच नाही आणि ती विकणारा बाजारात एकटाच आहे. आज ज्यांनी ती विकत घेतली ते उद्या पुन्हा येणार नाहीत. उरलेल्या गिऱ्हाइकांसाठी त्याला भाव उतरवावा लागेल, आणि हे गिऱ्हाइकांना आधीच ठाऊक असल्यामुळे ते थांबून राहतील. थोडक्यात, विक्रेत्याची खरी स्पर्धा स्वतःच्याच जुन्या मालाशी होते. यातून सुटायचा एक मार्ग म्हणजे वस्तू विकायचीच नाही, भाड्याने द्यायची.

सॉफ्टवेअर हे न झिजणाऱ्या वस्तूचं अगदी नमुनेदार उदाहरण आहे. वर्ड प्रोसेसरची पंधरा वर्षं जुनी आवृत्तीही पत्र लिहायला पुरते. मग कंपनीने नवी आवृत्ती विकायची कशी? एक तर त्यात गरज असो-नसो, नव्या सुविधा कोंबायच्या. नाहीतर फाइलचा प्रकार असा बदलायचा की जुन्या आवृत्तीत उघडणार नाही. भाड्याच्या पद्धतीत ही कसरत करावी लागत नाही.

भाड्याची ही कल्पना संगणकाच्या जगात नवीही नाही. आयबीएम आपली यंत्रं कितीतरी वर्षं फक्त भाड्यानेच देत असे. १९५६ साली अमेरिकन सरकारशी झालेल्या तडजोडीनंतर तिला ती विकायलाही लागली. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी कायद्याने जी वाट थोडी मोकळी केली, ती सॉफ्टवेअरच्या बाबतीत आता पुन्हा अरुंद होते आहे.

आजच्या बदलाचा ठळक टप्पा म्हणजे अडोबी. मे २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की फोटोशॉप, इलस्ट्रेटर वगैरेंच्या पुढच्या आवृत्त्या फक्त सबस्क्रिप्शनवर मिळतील. बिनमुदतीच्या परवान्याची शेवटची मालिका २०१२ ची सीएस-६ ठरली. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये बहुतेक उत्पादनांसाठी तोच रस्ता धरला. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०११ पासून दोन्ही पद्धतींनी मिळतं, पण जाहिरातीचा जोर कुठे आहे ते तुम्ही बघताच.

हिशेब करून बघू

सीएस-६ च्या सर्वांत मोठ्या संचाची अमेरिकेतली किंमत २५९९ डॉलर होती. त्याच काळात सबस्क्रिप्शन वर्षभराच्या कराराने महिन्याला सुमारे ५० डॉलर, म्हणजे वर्षाला ६०० डॉलर होतं. भागाकार केला तर सव्वाचार वर्षांहून थोडं जास्त येतं. त्याआधी सोडणाऱ्याला भाडं स्वस्त, त्यानंतरही वापरणाऱ्याला महाग.

पण हा हिशेब अर्धा आहे. जो दर दोन-तीन वर्षांनी पैसे भरून नवी आवृत्ती घेत होता, त्याचा एकूण खर्च वेगळा निघतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. बिनमुदतीचा परवाना ४०,००० रुपये, तीन वर्षांनी नवी आवृत्ती अर्ध्या किमतीत, आणि सबस्क्रिप्शन वर्षाला १२,००० रुपये.

- पाच वर्षं, एकच आवृत्ती: परवाना ४०,०००, सबस्क्रिप्शन ६०,०००.
- पाच वर्षं, मध्ये एकदा नवी आवृत्ती: परवाना ६०,०००, सबस्क्रिप्शनही ६०,०००. बरोबरी.
- फक्त एक वर्ष लागणार असेल: परवाना ४०,०००, सबस्क्रिप्शन १२,०००.

म्हणजे ‘सबस्क्रिप्शन महाग असतं’ हे विधान जसंच्या तसं खरंही नाही आणि खोटंही नाही. ते दोन आकड्यांवर ठरतं: तुम्ही किती काळ वापरणार, आणि तुम्हाला नवी आवृत्ती खरंच लागते का.

आता हे तुमच्या खिशाशी जोडा. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिन्याला ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० रुपये आहे. फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी मात्र सहा वर्षांपर्यंत चालू शकते, आणि पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन वर्षं. म्हणजे ज्या वर्षी थिसिस लिहून सादर करायचा, नेमकं त्याच वर्षी फेलोशिप बंद असण्याची शक्यता बरीच असते. सबस्क्रिप्शनचा हप्ता मात्र फेलोशिप संपली का ते विचारत नाही.

चांगल्या बाजू

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच आहे.

पहिलं, सुरुवात करायला मोठी रक्कम लागत नाही. ज्या सॉफ्टवेअरचा एकरकमी परवाना लाखाच्या घरात जातो, ते दोन महिन्यांसाठी घेऊन एक विश्लेषण पूर्ण करता येतं. आपल्याकडे पूर्वी अशा वेळी सर्रास ‘क्रॅक’ शोधला जायचा, अजूनही जातो. क्रॅकमधून व्हायरस येतो हा एक धोका झाला. दुसरा जास्त गंभीर आहे: शोधनिबंधात वापरलेल्या सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती लिहावी लागते, आणि चोरून वापरलेल्या गोष्टीचं नाव छापील पुराव्यासारखं कायम राहतं. कमी रकमेत कायदेशीर वापर शक्य होणं ही लहान गोष्ट नाही.

दुसरं, दुरुस्त्या वेळेवर मिळतात. सुरक्षेची भोकं बुजवणं, नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेल असं करणं, सर्व्हरवर फाइली सांभाळणं, हे खर्च कंपनीला दर महिन्याला येतात. त्याचे पैसेही दर महिन्याला यावेत, यात तर्क आहे. एकदाच पैसे घेऊन आयुष्यभर दुरुस्ती द्या, ही अपेक्षा तशी अव्यवहार्यच.

तिसरं, कंपनीला दिखाऊ सुविधा कोंबायची गरज उरत नाही. चुका सुधारण्यावर वेळ देता येतो. अर्थात याची उलटी बाजूही आहे: नवी आवृत्ती विकण्यासाठी पूर्वी तुमचं मन वळवावं लागायचं. आता ते वळवलं नाही तरी हप्ता येतच राहतो.

चौथं, गटात काम करताना सगळ्यांकडे एकच आवृत्ती असते. गाईडच्या संगणकावर फाइल उघडत नाही, ही तक्रार कमी होते.

वाईट बाजू

मेसचं उदाहरण घ्या. महिन्याचे पैसे भरले आणि चार दिवस गावी गेलात, तर चांगल्या मेसमध्ये खाडे धरून पैसे वजा होतात. सॉफ्टवेअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये खाडे नसतात. फील्डवर्कला दोन महिने गेलात, कोर्सवर्कच्या परीक्षेत अडकलात, आजारी पडलात, तरी हप्ता तोच.

माणूस हा हिशेब करण्यात किती कच्चा असतो, यावर स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर यांचा २००६ सालचा अभ्यास आहे. त्यांनी अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या सात हजारांहून जास्त सभासदांच्या नोंदी तपासल्या. मासिक सभासदत्व घेणाऱ्यांना एका खेपेचा खर्च सरासरी १७ डॉलरहून अधिक पडत होता. दहा खेपांचा पास घेतला असता तर तोच खर्च १० डॉलर झाला असता. शेवटची खेप आणि सभासदत्व रद्द करणं यांत सरासरी दोन महिन्यांहून जास्त काळ जात होता. आपण भविष्यातल्या स्वतःकडून जरा जास्तच अपेक्षा ठेवतो आणि रद्द करायचं काम उद्यावर ढकलतो. सॉफ्टवेअरमध्ये आपण काही वेगळे वागत असू, असं मानायला कारण नाही.

आपल्याकडे एक आधार आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप पैसे जाण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते, आणि ठरावीक मर्यादेवरच्या रकमेला दर वेळी वेगळी मंजुरी लागते. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. तो एसएमएस नुसता पुसून टाकू नका, वाचा.

करारातली बारीक अक्षरंही वाचा. ‘दर महिन्याला भरा’ आणि ‘महिन्याचा करार’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात करार वर्षाचा असून फक्त हप्ते महिन्याचे असू शकतात, आणि मध्येच सोडलं तर दंड लागतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४ मध्ये अडोबीवर याच मुद्द्यावरून खटला भरला. मुदतीआधी रद्द केल्यास लागणारं शुल्क ग्राहकांना नीट दाखवलं गेलं नाही, असा आयोगाचा आरोप होता.

आणि शेवटी, दार बाहेरून बंद होऊ शकतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकन सरकारच्या एका आदेशामुळे अडोबीने व्हेनेझुएलातली सगळी खाती बंद करण्याची घोषणा केली होती. पुढे काही आठवड्यांत परवानगी मिळाली आणि सेवा चालू राहिली. पण मधल्या दिवसांत तिथल्या माणसाने पैसे भरायची तयारी दाखवूनही उपयोग नव्हता. सर्व्हर दुसऱ्या देशात असला की तिथला कायदाही आपल्या कामात येतो.

संशोधकाचा खास प्रश्न

इथपर्यंतचं सगळं कोणत्याही वापरकर्त्याला लागू आहे. संशोधकाला याच्या पुढे जाऊन तीन गोष्टी बघाव्या लागतात.

*एक, कामाचं आयुष्य परवान्यापेक्षा मोठं असतं.* आमच्या विभागातल्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. थिसिस सादर झाला, विद्यापीठाचा ईमेल बंद झाला, त्याबरोबर आलेख काढायच्या सॉफ्टवेअरचा परवानाही गेला. चार महिन्यांनी एका जर्नलमधून परीक्षकांचा अभिप्राय आला: तिसऱ्या आकृतीत त्रुटीचे दांडे बदला आणि दोन वक्र वेगळे दाखवा. काम अर्ध्या तासाचं. पण आकृतीची मूळ फाइल त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रकारात होती आणि हातात फक्त चित्र होतं. शेवटी त्यांनी जुन्या वहीतल्या नोंदींवरून आकडे पुन्हा भरले आणि सगळी आकृती नव्याने काढली. मुदत तीन आठवड्यांची, त्यातले दहा दिवस यातच गेले. वही नीट ठेवली होती म्हणून निभावलं.

पेपर, परीक्षकांचे अभिप्राय, पोस्टडॉकच्या मुलाखतीत विचारलेला एखादा जुना आलेख: पीएचडीचं काम व्हायवानंतरही दोन-तीन वर्षं तुमच्या मागे येतं. परवाना येत नाही.

*दोन, आवृत्ती बदलली की उत्तर बदलू शकतं.* हे फक्त विकतच्या सॉफ्टवेअरबाबत खरं आहे असं नाही. आर ही मोफत आणि मुक्त संगणकभाषा घ्या. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० आवृत्तीत यादृच्छिक नमुना निवडायची मूळ पद्धत सुधारली गेली, कारण जुन्या पद्धतीत बारीक दोष होता. परिणाम असा, की तोच कोड आणि तेच बीज वापरूनही नव्या आवृत्तीत वेगळे नमुने निवडले जाऊ लागले. पण आरमध्ये जुनी पद्धत मागवायची सोय ठेवलेली आहे, आणि जुन्या आवृत्त्या आजही कोणालाही उतरवून घेता येतात. त्यामुळे २०१८ चा निष्कर्ष २०१८ च्या आवृत्तीत तपासून बघता येतो.

आपोआप अद्ययावत होणाऱ्या सबस्क्रिप्शनमध्ये ही सोय असेलच असं नाही. मे २०१९ मध्ये अडोबीने क्रिएटिव्ह क्लाउडच्या काही जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना कळवलं होतं की त्या आवृत्त्या वापरायचा परवाना आता उरलेला नाही. चित्रकाराला याचा त्रास होतो. संशोधकाच्या बाबतीत तर निष्कर्ष पुन्हा तपासण्याचा मार्गच बंद होतो. ‘माझा निष्कर्ष दुसऱ्याला पडताळता यावा’ ही विज्ञानाची मूळ अट आहे, आणि ती पूर्ण करायला दुसऱ्याने आधी हप्ता भरावा लागणार असेल, तर आपलं काम तेवढं कमी पडताळण्याजोगं होतं.

*तीन, कुलूप फाइलच्या प्रकारात असतं.* हे समजायला पैशांचा संबंधही लागत नाही. मेंडेली हे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर मोफत होतं. २०१३ मध्ये ते एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेकडे गेलं. २०१८ मध्ये त्याच्या नव्या आवृत्तीने वापरकर्त्याच्याच संगणकावरचा डेटाबेस सांकेतिक रूपात ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे झोटेरोसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला तो पूर्वीसारखा थेट वाचता येईना. म्हणून ‘फुकट आहे का?’ यापेक्षा ‘माझा माल बाहेर काढता येतो का?’ हा प्रश्न मोठा.

‘विद्यार्थ्यांसाठी मोफत’ बद्दल थोडं

विद्यार्थ्यांना मिळणारी सवलत जरूर घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती का मिळते हे समजून घ्या. कार्ल शपिरो आणि हॅल व्हेरियन यांनी माहितीच्या अर्थकारणावर लिहिताना हा मुद्दा स्पष्ट मांडला आहे: एखादी वस्तू सोडून दुसरीकडे जायचा खर्च जितका जास्त, तितकी गिऱ्हाइकाची किंमत जास्त. त्यामुळे सुरुवातीला सूट देऊन त्याला ओढून आणणं विक्रेत्याला परवडतं. तुम्ही पाच वर्षांत जे शॉर्टकट शिकता, ज्या शेकडो फाइली साठवता, तो खर्च म्हणजे हाच. सवलत संपते त्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक म्हणून सर्वांत मौल्यवान झालेले असता.

संस्थेने घेतलेल्या परवान्याचंही तसंच. तो तुमचा नसतो, संस्थेचा असतो. वाङ्मयचौर्य तपासायचं सॉफ्टवेअर इन्फ्लिबनेटच्या शोधशुद्धी योजनेतून २०१९ पासून विद्यापीठांना मिळतं. सुरुवातीला ते उरकुंड होतं, आता ड्रिलबिट आहे. अशा सार्वजनिक व्यवस्था चांगल्याच, पण बघा, मधल्या काळात सॉफ्टवेअर बदललं आणि ते वापरणाऱ्याला विचारून बदललं नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. तिथेही तत्त्व तेच आहे: आपण ज्या संस्थेत असू, तिच्यामार्फत दार उघडतं. संस्था सोडली की काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायचा.

मधले रस्ते

सुदैवाने ‘सगळं भाड्याने’ आणि ‘सगळं मोफत’ यांच्यामध्ये बरंच काही आहे.

जेटब्रेन्स ही प्रोग्रामरांसाठी साधनं बनवणारी कंपनी २०१५ मध्ये पूर्णपणे सबस्क्रिप्शनकडे वळायला निघाली, तेव्हा वापरकर्त्यांनी मोठा आरडाओरडा केला. कंपनीने मग तडजोड काढली: सलग बारा महिने पैसे भरले, की त्या बारा महिन्यांच्या सुरुवातीला जी आवृत्ती होती ती कायम तुमची. पैसे थांबवले तरी ती चालते, नवी मिळत नाही. आठवा, आपण मासिकाच्या जुन्या अंकांबद्दल बोललो होतो. ही खऱ्या अर्थाने वर्गणी झाली. ग्राहकांनी एकत्र तक्रार केली तर अटी बदलतात, हेही यातून दिसतं.

झोटेरोचा मार्ग आणखी वेगळा आहे. सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त, फाइली स्वतःच्या संगणकावर. त्यांच्या सर्व्हरवर ३०० एमबीपेक्षा जास्त जागा हवी असेल तरच पैसे. म्हणजे ज्याचा खर्च खरोखर दर महिन्याला येतो, त्याचंच भाडं.

तिसरा रस्ता मुक्त सॉफ्टवेअरचा: एसपीएसएसऐवजी आर, जमोवी किंवा जास्प, मॅटलॅबऐवजी ऑक्टेव्ह, सायलॅब किंवा पायथन, नकाशांसाठी क्यूजीआयएस. आयआयटी मुंबईचा फॉसी हा प्रकल्प नेमकं हेच काम करतो, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीतही आहेत. पण इथेही डोळे मिटून उडी मारू नका. मुक्त म्हणजे खर्चशून्य नव्हे. शिकायला वेळ जातो, आणि तुमच्या वेळेचीही किंमत आहे. मॅटलॅबच्या एखाद्या खास टूलबॉक्सवरच तुमचं काम उभं असेल तर ऑक्टेव्ह पुरेलच असं नाही. उपकरणाबरोबर आलेलं सॉफ्टवेअर तर टाळताच येत नाही.

मग ठरवायचं कसं?

नोंदणी झाल्यावर पहिल्या महिन्यातच एक कागद घ्या. जी सॉफ्टवेअर वापरणार त्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे पाच प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. मला हे एकूण किती महिने लागणार? सहा-आठ महिने असेल तर भाडं उत्तम. पाच वर्षं रोज लागणार असेल तर आधी पर्याय शोधा.

२. पैसे कोण भरतंय: मी, गाईडचा प्रकल्प, की विद्यापीठ? प्रकल्पाची मुदत माझ्या थिसिसच्या आधी संपते का?

३. परवाना संपल्यावर फाइली उघडतात का? काही सॉफ्टवेअर निदान बघू देतात, काही अजिबात नाही. याचं उत्तर विकत घेण्याआधी त्यांच्याच संकेतस्थळावर शोधा.

४. डेटा साध्या प्रकारात बाहेर काढता येतो का? आकडे सीएसव्हीत, चित्रं टिफमध्ये, संदर्भ बिबटेकमध्ये, मजकूर साध्या टेक्स्टमध्ये.

५. माझं विश्लेषण दुसऱ्याला हप्ता न भरता तपासता येईल का? नसेल तर निदान प्रत्येक पायरी आणि नेमका आवृत्ती क्रमांक लिहून ठेवला आहे का?

माझं स्वतःचं मत विचाराल तर ते असं: ज्या साधनावाचून थिसिस उभाच राहणार नाही, म्हणजे मूळ डेटा, विश्लेषणाचा कोड, संदर्भ आणि लेखन, ते शक्यतो मुक्त आणि साध्या प्रकारात ठेवावं. जे फक्त शेवटचा हात फिरवायला लागतं, म्हणजे आकृती सजवणं, पोस्टर करणं, भाषा तपासणं, ते खुशाल भाड्याने घ्यावं आणि काम झालं की त्याच दिवशी रद्द करावं. स्वयंपाकघर आपलं असावं, लग्नाची भांडी भाड्याने आणली तरी चालतात.

आणि एक सवय आजपासूनच लावून घ्या. महिन्यातून एकदा, ठरवून, सगळ्या फाइली साध्या प्रकारात बाहेर काढून वेगळ्या डिस्कवर ठेवा. तासाभराचं काम आहे. परीक्षकांचा ईमेल कधी येईल हे आपल्या हातात नाही. तो येईल तेव्हा आपल्याच आकड्यांपुढे कुलूप नसावं, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

तुमच्या विषयात कोणत्या सॉफ्टवेअरला खरोखरच पर्याय नाही, ते जरूर कळवा. रसायनशास्त्र आणि भूशास्त्रवाल्यांकडून तर मला खास ऐकायचं आहे.